एसी 'हूं' करतो आणि बसतो? कंप्रेसर बदलायच्या आधी हे वाचा



मागच्या उन्हाळ्यात आमच्या बॅचमधल्या एका मुलाचा रात्री फोन आला. मलकापूरचा पोरगा. आयटीआयला रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड केलेला, दोन वर्षं कोल्हापुरात दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेलं, आणि आता गावात स्वतःचं दुकान टाकायचं म्हणून आमच्याकडं आला होता. म्हणाला, "सर, आंब्याला एक गाडी आलीय. टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर केलीय. एसी घरच्या लाइनीवर चालतोय, जनरेटरवर लागंना झालाय. मालक म्हणतोय, मोठा जनरेटर घ्यायला सांगितलाय. काय करू?"

मी विचारलं, "एसीच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचलंस का?"

तिकडं गप्प. मग म्हणाला, "नाही सर."

आजचा लेख त्या पाटीपासून सुरू होतो. व्हिडिओत मी किट बसवून दाखवलं आहे, ते सात मिनिटांत संपतं. पण ते किट कधी बसवायचं, कधी अजिबात बसवायचं नाही आणि त्यातून धंदा कसा उभा राहतो, हे सात मिनिटांत मावत नाही. म्हणून इथं सविस्तर.

आधी गाव समजून घ्या

मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्याची बाजारपेठ. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, कोल्हापूरपासून साधारण ४५ किलोमीटर. पुढं आंबा, मग घाट उतरला की कोकण. डोंगराकडच्या वाड्या-वस्त्यांचं सगळं सामान इथूनच जातं. पाऊस म्हणाल तर धो-धो. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की लाइट गेली, आली, परत गेली. उन्हाळ्यात वेगळंच दुखणं. संध्याकाळी सात ते दहा सगळ्यांच्या घरात एकदम लोड चढतो आणि डीपीपासून लांब असलेल्या दुकानाला व्होल्टेज पुरत नाही.

आता या रस्त्यावर कंप्रेसरवर चालणाऱ्या किती वस्तू आहेत ते मोजा. आइस्क्रीमचे डीप फ्रीझर, कोल्ड्रिंकचे काचेचे फ्रीज, मेडिकलवाल्याचा इन्सुलिन ठेवायचा फ्रीज, चिकन-मासळीवाल्याचा फ्रीझर, कापड दुकानातला एसी, आंब्याकडच्या रिसॉर्टच्या खोल्यांतले एसी. आणि आता अधूनमधून येणाऱ्या कॅम्पर गाड्या. महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून जुनी ट्रॅव्हलर घेऊन मागं पलंग, ओटा, एसी बसवणारी हौशी मंडळी दिसायला लागली आहेत. संख्या फार नाही. त्या भरवशावर दुकान टाकू नका. पण त्या गाड्यांचं दुखणं आणि संध्याकाळी साडेसातला मलकापुरातल्या दुकानाचं दुखणं एकच आहे: वीज आहे, पण धक्का मारायला पुरत नाही.

पाटीवरचे दोन आकडे

प्रत्येक एसीच्या किंवा कंप्रेसरच्या पाटीवर चालतानाचा करंट लिहिलेला असतो. त्याला आरएलए म्हणतात. बऱ्याच पाट्यांवर दुसराही आकडा असतो, एलआरए. म्हणजे रोटर जाम असताना, थोडक्यात मोटर जागेवरून हलायच्या त्या पहिल्या क्षणाला ती किती करंट ओढते तो. हा आकडा चालतानाच्या पाच-सहा पट असतो.

त्या कॅम्परमधला एसी एक टनाचा, विंडो, साध्या कंप्रेसरचा. चालताना ५ अँपिअरच्या आसपास. एलआरए २६. आता गुणाकार करा. २६ गुणिले २३० म्हणजे ५,९८० व्होल्ट-अँपिअर. जवळजवळ ६ केव्हीए. आणि मालकाचा जनरेटर ३ केव्हीएचा. चालवायला भरपूर, सुरू करायला निम्मा. म्हणून जनरेटर घुसमटतो, गाडीतले दिवे मंद होतात, कंप्रेसर 'हूंऽऽ' करतो आणि 'टक' करून ओव्हरलोड सुटतो.

अमेरिकेत हेच दुखणं हजारो लोकांना आहे. तिथं घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन लोक महिनोन्महिने फिरतात. गाडीच्या टपावर १३,५०० बीटीयूचा एसी, म्हणजे आपल्या भाषेत सव्वा टनाच्या थोडा आत, आणि वीज १२० व्होल्टची. छोट्या जनरेटरवर तो लागत नाही, म्हणून तिथले लोक त्यात हार्ड-स्टार्ट कपॅसिटर बसवतात. यूट्यूबवर त्याचे ढीगभर व्हिडिओ आहेत. पण ते बघून जशीच्या तशी जोडणी इथं करू नका. तिथलं व्होल्टेज वेगळं, तिथला कपॅसिटर वेगळा.

कपॅसिटर नेमकं करतो काय

एक गोष्ट आधी मिटवू. आपल्याकडं पंख्याच्या कपॅसिटरला सगळे 'कंडेन्सर' म्हणतात. एसीत कंडेन्सर म्हणजे बाहेरची जाळी, जिथून गरम हवा निघते ती. गिऱ्हाइकाला "कंडेन्सर गेलाय" म्हणालात तर त्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्याला वाटतं आख्खी जाळी बदलायची. शब्द नीट वापरा. अर्धी भांडणं शब्दांमुळं होतात.

सिंगल फेजच्या कंप्रेसरमध्ये दोन वाइंडिंग असतात. एक रन, एक स्टार्ट. दोन्ही एका कॉमन टोकाला जोडलेली. सिंगल फेजवर मोटरला आपणहून कुठल्या दिशेनं फिरायचं ते कळत नाही. स्टार्ट वाइंडिंगमध्ये कपॅसिटरमुळं करंट थोडा आधी पोहोचतो, त्यातून फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मोटर निघते. एसीत जो कायम जोडलेला असतो तो रन कपॅसिटर. दीड टनाला साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा. तो मोटर चालवायला चांगला, पण उचलायला जरा हलका पडतो.

चिखलात रुतलेली बैलगाडी आठवा. बैल तेच, पण दोन माणसं चाकाला हात लावतात, गाडी निघाली की बाजूला होतात. हार्ड-स्टार्टमधला मोठा कपॅसिटर म्हणजे ती दोन माणसं. पहिल्या अर्ध्या-पाऊण सेकंदापुरता तो मैदानात येतो, जोर देतो आणि रिले त्याला बाहेर काढतो. बाहेर निघाला नाही तर? चाकात हात अडकलेल्या माणसाचं जे होईल तेच. स्टार्ट कपॅसिटर कायम चालायला बनवलेलाच नसतो. तो तापतो, फुगतो आणि फुटतो.

बाहेर काढायचं काम दोन प्रकारे होतं. स्वस्त किटमध्ये पीटीसी असते, म्हणजे गरम झाली की विजेला अडवणारी एक चकती. महागात पोटेन्शियल रिले असतो. मोटर वेगात आली की स्टार्ट वाइंडिंगवर व्होल्टेज वाढतं, त्या व्होल्टेजवर रिलेची कॉइल ओढली जाते आणि संपर्क तुटतो. मी मलकापूरसारख्या ठिकाणी पोटेन्शियल रिलेवालंच किट घ्या म्हणतो. कारण पीटीसी थंड व्हायला काही मिनिटं लागतात. पावसाळ्यात लाइट गेली आणि मिनिटात परत आली, तर पीटीसी अजून गरम असते आणि ऐन गरजेला मदत करत नाही. शे-दोनशे वाचवून रात्री अकराचा फोन विकत घेऊ नका.

आता व्होल्टेजचं गणित, जे बहुतेकांना माहीत नसतं. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० च्या जागी १८४ व्होल्ट आले, म्हणजे २० टक्के कमी झाले, तर जोर २० टक्क्यांनी नाही, ३६ टक्क्यांनी कमी होतो. ०.८ गुणिले ०.८ बरोबर ०.६४. म्हणून दुकानदार म्हणतो, "दिवे तर लागलेत की, एसीलाच काय झालंय?" दिव्याला १८४ चालतात. कंप्रेसरला नाही.

कापड दुकानातला एसी: किट न विकता केलेलं काम

आता ज्या प्रसंगामुळं मला हा पोरगा धंदा करेल असं वाटलं, तो सांगतो. मलकापुरातच एक कापड दुकान. लग्नसराई, आत साड्या बघणाऱ्या बायका-पोरींची गर्दी, आणि संध्याकाळी एसी बसलेला. आधी आलेल्या मेकॅनिकनं सांगितलं होतं, "कंप्रेसर गेला. पंधरा हजार धरा." दुकानदार काकांना या पोराचं नाव कुणीतरी सांगितलं.

"बघ बाबा एकदा. जायचाच असला तर जाऊ दे, पण खरं काय ते सांग."

पोरानं तासभर फक्त मोजमाप केलं. दुकानाच्या मीटरपाशी व्होल्टेज २१२. एसीच्या बाहेरच्या युनिटपाशी, एसी बंद असताना, २११. इथवर ठीक. मग एसी चालू करायला सांगितला आणि त्याच क्षणी मीटर बघितला. मीटरपाशी २०६ पर्यंत उतरलं. युनिटपाशी १७८.

मित्रांनो, इथं थांबा आणि विचार करा. मीटरपाशी सहा व्होल्ट पडले, युनिटपाशी तेहतीस. म्हणजे सत्तावीस व्होल्ट दुकानाच्या आतल्या वायरमध्येच जळाले. महावितरणला शिव्या घालून उपयोग नव्हता. वायर शोधली तर दीड स्क्वेअर एमएमची, छताच्या आतून फिरवून पंचवीस मीटर लांब, मध्ये एक जोड टेप गुंडाळून केलेला. दीड एमएम तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. जाऊन-येऊन ५० मीटर म्हणजे ०.६ ओहम. सुरू होताना ४० अँपिअर ओढले की २४ व्होल्ट तिथंच संपले. उरलेले तीन त्या जोडानं खाल्ले. तीच वायर चार एमएमची टाकली तर पडतात नऊ.

शिवाय रन कपॅसिटर मोजला. वर छापलेलं ४५, मीटर म्हणतोय ३७. पाच टक्क्यांपर्यंत इकडंतिकडं चालतं, म्हणजे ४३ च्या खाली गेला की बदलायचा.

वायर बदलली, कपॅसिटर बदलला, जोड काढला. एसी लागला. किट बसवलंच नाही. बसवलं असतं तर त्या दिवशी एसी नक्की लागला असता, काका खूश झाले असते, पोराला किटचे पैसे सुटले असते. आणि तो टेप गुंडाळलेला जोड दर वेळी तापत राहिला असता. साड्यांच्या दुकानाच्या छतात.

काकांनी नंतर बाजारपेठेतली चार दुकानं त्याच्याकडं पाठवली. मी जाहिरातीवर बॅच घेतो, पण खरं सांगतो, तालुक्याच्या गावात इतकी स्वस्त जाहिरात मला माहीत नाही.

कुठं बसवायचं नाही

हे मी मुद्दाम बसवायच्या रीतीच्या आधी लिहितोय.

इन्व्हर्टर एसीला हे किट लागत नाही आणि लावायचंही नाही. तो कंप्रेसर हळूहळू वेग घेत सुरू होतो, त्याला झटक्याचा प्रश्नच नाही. त्याच्या टोकांवर कपॅसिटर जोडलात तर पीसीबी जळेल आणि पीसीबीचे पैसे तुमच्या खिशातून जातील. नवीन एसी बहुतेक इन्व्हर्टरच येतात, त्यामुळं हे काम जुन्या साध्या कंप्रेसरच्या मशीनपुरतं आहे. थ्री फेजच्या मोटरलाही नको.

वॉरंटीतल्या मशीनला हात लावू नका. कंप्रेसरला कंपन्या पाच-दहा वर्षांची वॉरंटी देतात. तुम्ही आत एक वायर जोडली आणि कंपनीच्या माणसानं ती बघितली तर गिऱ्हाइकाची वॉरंटी गेली. आधी बिल मागा.

फ्रीज आणि छोट्या फ्रीझरमध्ये आता आर-६००ए आणि आर-२९० गॅस येतो. हे पेटणारे गॅस आहेत. रिलेचा संपर्क तुटताना ठिणगी पडते. गॅस गळत असेल तर त्या ठिणगीचं काय होईल ते सांगायला नको. तिथं कंपनीनं दिलेला रिले आणि पीटीसीच लावायचा, बाहेरचं किट नाही. पाटीवर गॅसचं नाव वाचल्याशिवाय स्क्रू खोलू नका.

आणि चौथं, ज्यात माझाच एक विद्यार्थी पोळला. एका रिसॉर्टवाल्याचा एसी 'हूं' करत होता. पोरानं फक्त आवाज ऐकला आणि किट लावलं. दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी कंप्रेसर कायमचा जाम. मालक म्हणाला, "तू हात लावायच्या आधी निदान हूं तरी करत होता." पोराला किटचे पैसे परत द्यावे लागले, वर निम्मा कंप्रेसर भरून द्यावा लागला. तीन महिन्यांची कमाई. चूक कुणाची? माझीही. कारण तेव्हा मी क्लासमध्ये किट लावायला शिकवलं होतं, आधी वाइंडिंग मोजायला पुरेसं शिकवलं नव्हतं. म्हातारा कंप्रेसर आतून झिजून जड झाला असेल तर किट त्याला शेवटचे दोन-चार धक्के मारतं, एवढंच. काही वेळा ते गिऱ्हाइकाला हवंच असतं, सीझन काढायचा असतो. मग तसं आधी बोला आणि बिलावर लिहा: 'कंप्रेसर जुना, किटची खात्री, कंप्रेसरची नाही.' खाली सही घ्या.

बसवायची रीत

एमसीबी बंद. प्लग काढलेला. टेस्टर नाही, मीटरनं व्होल्टेज शून्य आहे हे बघा. मग कपॅसिटर डिस्चार्ज करा. जुने मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर टेकवून 'फाट' करतात. करू नका. कपॅसिटर खराब होतो, डोळ्यात ठिणगी जाते. होल्डरला वायर लावलेला १०० वॉटचा साधा बल्ब दोन टोकांना लावा आणि काही सेकंद धरा. नंतर पुन्हा मीटरनं बघा.

आता मोबाईलवर जोडणीचा फोटो काढा. हे सगळ्यात दुर्लक्षित काम आहे.

कंप्रेसरची वायर काढून तीन टोकांमध्ये ओहम मोजा. कॉमन-रन सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्ट त्यापेक्षा जास्त, आणि रन-स्टार्ट म्हणजे त्या दोघांची बेरीज. उदाहरणार्थ दीड, तीन आणि साडेचार. बेरीज जुळली नाही तर किट बॅगेतच राहू दे. प्रत्येक टोक आणि कंप्रेसरची बॉडी यांच्यामध्ये मेगर लावा. गळती दिसली तर किट विसरा, तो कंप्रेसर शॉक द्यायच्या वाटेवर आहे.

मग रन कपॅसिटर मोजा. उतरलेला असेल तर आधी तो बदला आणि एसी लावून बघा. दहापैकी निम्म्या वेळा, माझ्या अनुभवानं, काम इथंच संपतं.

संपलं नाही तर किट. ते कंप्रेसरच्या टनानुसार आणि व्होल्टेजनुसार घ्यायचं. 'मोठा कपॅसिटर म्हणजे जास्त जोर' हा गैरसमज आहे. गरजेपेक्षा मोठा लावलात तर रिले वेळेवर सुटत नाही. दोन वायरचं किट रन कपॅसिटरला समांतर बसतं. कपॅसिटर दुहेरी असेल, म्हणजे त्यावर सी, फॅन आणि हर्म अशी तीन टोकं असतील, तर एक वायर सी वर, एक हर्म वर. फॅनच्या टोकाला नाही. तीन वायरचं किट असेल तर रिलेच्या पाच नंबरचं टोक कंप्रेसरच्या कॉमनला, दोन नंबर स्टार्टला, आणि एक नंबर स्टार्ट कपॅसिटरकडं जातं. तरी किटसोबत आलेला नकाशा हाच शेवटचा शब्द, कारण बनवणारे बदलत असतात.

किट उभं बसवा, गरम डिस्चार्ज पाइपपासून लांब, पट्टीनं घट्ट. कॅम्परमध्ये तर दुप्पट घट्ट. आंबा घाटातली वळणं आणि खड्डे सगळे स्क्रू सैल करतात. तिथं क्रिंप केलेलेच लग वापरा, पिळलेली वायर नको.

आता चालू करा आणि लगेच उठू नका. क्लॅम्प मीटर किटच्या एका वायरला लावा. सुरू होताना आकडा उडी मारेल आणि शून्यावर येईल. पीटीसीवालं असेल तर अगदी किंचित राहील. आकडा तसाच राहिला तर ताबडतोब बंद करा, रिले चिकटलाय. ही तपासणी मी किती मेकॅनिकना करताना बघितली? एका हाताची बोटं पुरतील. मग एसी बंद करून तीन मिनिटं थांबा, आतला दाब समान होऊ द्या आणि परत चालू करा. असं तीनदा. तीन मिनिटांचा उशीर देणारा टायमर किंवा तसला स्टॅबिलायझर नसेल तर गिऱ्हाइकाला तोही सुचवा. किटपेक्षा त्यानंच कंप्रेसर जास्त वाचतात.

कॅम्परचं काय झालं

पोरगा दुसऱ्या दिवशी सकाळी आंब्याला गेला. जनरेटरवर 'इको' नावाचं बटण चालू होतं. लोड नसताना इंजिन हळू चालवून पेट्रोल वाचवणारं. कंप्रेसरला ज्या क्षणी धक्का हवा, त्या क्षणी इंजिन डुलक्या घेत होतं. ते बंद केलं. गाडीतला फ्रीज आणि चहाची किटली बंद केली. तरी एसी लागला नाही, पण आवाज आधीपेक्षा लांब ओढला. म्हणजे थोडक्यात राहत होतं. रन कपॅसिटर बरोबर, वाइंडिंग बरोबर. मग किट बसवलं. पहिल्याच झटक्यात लागला. इंजिन क्षणभर खोल गेलं आणि सावरलं.

मालक म्हणाले, "अरे वा! आता महाबळेश्वरला न्यायला हरकत नाही."

पोरानं मला फोन लावून विचारलं आणि मग त्यांना जे सांगितलं ते ऐका. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच. दर ३०० मीटरला पेट्रोल जनरेटरची ताकद साधारण तीन-साडेतीन टक्के कमी होते, हवा विरळ म्हणून. म्हणजे तिथं १५ टक्क्यांच्या आसपास जाईल. एसी लागेल की नाही याची खात्री मी देत नाही. लागला नाही तर सॉफ्ट स्टार्टर बसवावा लागेल. तो महाग आहे.

फरक नीट समजून घ्या, गिऱ्हाईक विचारणार. हार्ड-स्टार्ट मोटरला लवकर वेगात आणतो, त्यामुळं तो मोठा करंट कमी वेळ ओढला जातो. पण करंट मोठाच राहतो. सॉफ्ट स्टार्टर तो करंटच दाबून ठेवतो. म्हणून डळमळीत लाइनीच्या दुकानाला हार्ड-स्टार्ट बरा, आणि अगदी छोट्या जनरेटरला किंवा बॅटरी-इन्व्हर्टरला सॉफ्ट स्टार्टर. आणि दोन्हींनी वीजबिल कमी होत नाही. 'बिल निम्मं होईल' म्हणून किट विकणारे भेटतील. तुम्ही त्यातले होऊ नका.

दोन गोष्टी त्यानं न विचारता सांगितल्या. जनरेटर गाडीच्या आत किंवा खिडकीशेजारी चालवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. आणि गाडीची पत्र्याची बॉडी अर्थ केलेली आहे का बघा. गाडीत बदल केले असतील तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, तो भाग मालकाचा. पण तुम्हाला माहीत असावं.

आता हिशेब

हे आकडे मी हिशेब शिकवायला धरलेत. तुमच्या गावचे दर तुम्ही काढा. किट ८०० ला पडलं, बसवून १,६०० घेतले. मलकापूर ते आंबा जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, गाडीला पेट्रोल ९० रुपयांचं. लग, पट्टी, टेप ४०. उरले ६७०. दहा किटांत एक परत येतं असं धरा. ते बदलायला ८०० आणि परत पेट्रोल ९०, म्हणजे प्रत्येक कामामागं ८९ बाजूला टाका. हातात ५८१.

महिन्याला अशी सहा कामं मिळाली तर साडेतीन हजारसुद्धा होत नाहीत. म्हणून 'हार्ड-स्टार्टचा धंदा' असा बोर्ड लावायला निघालेल्यांनी जरा थांबा. हे सर्व्हिसिंगच्या पोटातलं काम आहे. खरा पैसा आहे तो मार्चमध्ये एसी धुण्यात, डीप फ्रीझरच्या वार्षिक करारात, गॅस भरण्यात. पण जो माणूस व्होल्टेज मोजून बोलतो, करार त्यालाच मिळतो.

भांडवलात पहिला खर्च क्लॅम्प मीटरचा करा, ज्यात मायक्रोफॅरड मोजता येतात आणि सुरू होतानाचा करंट पकडता येतो. साधा क्लॅम्प ती उडी पकडत नाही. मग मेगर. मग बाकीची हत्यारं. दुकानाचं फर्निचर सगळ्यात शेवटी. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट आहे. एजंटला पैसे देऊ नका. मुद्राच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, दोन्ही मीटर आणि गॅसची हत्यारं त्यात बसतात. नवीन वायरिंगची कामं घ्यायची असतील तर परवानाधारक वायरमनशी भागीदारी करा. कापड दुकानात पोरानं तेच केलं होतं. वायर ओढायला गावातल्या वायरमन मामांना बोलावलं आणि त्यांचे पैसे बिलात वेगळे दाखवले.

एक वही ठेवा. प्रत्येक कामाची एक ओळ: तारीख, दुकान, पाटीवरचे दोन आकडे, बंद असतानाचं व्होल्टेज, सुरू होतानाचं व्होल्टेज, कपॅसिटर किती निघाला, काय केलं. त्या पोराच्या वहीत आता मलकापूरच्या बाजारपेठेतल्या बऱ्याच दुकानांचं संध्याकाळचं व्होल्टेज आहे. मागच्या महिन्यात एका ओळीतल्या सात दुकानदारांनी मिळून महावितरणकडं व्होल्टेजची लेखी तक्रार दिली, तेव्हा सोबत जोडलेला कागद त्याच वहीतून उतरवलेला होता. तारीख, वेळ, आकडा. अजून उत्तर यायचं आहे. आलं की व्हिडिओत सांगतो.